तुम्ही विचारलंत म्हणून: गेम न खेळणाऱ्या बाईच्या हातात स्टीम डेक कशाला?

डोंबिवलीहून सकाळच्या जलद लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, की मी पिशवीतून एक काळं, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं यंत्र काढते आणि मांडीवर ठेवते. दोन-चार दिवसांआड शेजारून विचारणा होतेच. “काकू, कुठला गेम?” गेम नाही, प्रुफं तपासतेय, म्हटलं की लगेच पुढचं: “मग लॅपटॉप का नाही? टॅब का नाही?” भाचरंडांनी विचारून झालं, प्रकाशनाच्या कचेरीतल्या मंडळींनी विचारून झालं, सोसायटीतली मुलं तर अजून विचारतात. दादर येईपर्यंत घाईघाईत जे सांगते ते अर्धवट राहतं, म्हणून इथे नीट लिहिते.

यंत्राचं नाव स्टीम डेक. व्हॉल्व्ह या कंपनीनं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलं, ते खेळांसाठीच. माझ्या भाच्यानं अमेरिकेहून स्वतःसाठी आणलं होतं, नवं मॉडेल घेतल्यावर हे मला दिलं. सात इंची पडदा, १२८० बाय ८०० ठिपके, १६ जीबी मेमरी, वजन ६६९ ग्रॅम. पण आत जे आहे ते खेळणं नव्हे. स्टीमओएस ही त्याची कार्यप्रणाली, म्हणजे विंडोजसारखं मूळ सॉफ्टवेअर, आर्च लिनक्स या मुक्त प्रणालीवर उभी केलेली आहे. पॉवरचं बटण दाबून धरलं की येणाऱ्या यादीत ‘डेस्कटॉपवर जा’ असा पर्याय असतो, तो निवडला की समोर केडीई प्लाझ्मा नावाचा, लिनक्सवरचा पूर्ण डेस्कटॉप उघडतो. खिडक्या, फोल्डर, टर्मिनल, सगळं. ‘डिस्कव्हर’ नावाच्या दुकानातून फ्लॅटहब या लिनक्स-सॉफ्टवेअरांच्या भांडारातली हजारो सॉफ्टवेअरं फुकट उतरवता येतात. उजवा ट्रॅकपॅड म्हणजे माउस, आणि स्टीमचं बटण धरून एक्स दाबलं की पडद्यावर कीबोर्ड.

यातलं कोणतं सॉफ्टवेअर ठेवायचं आणि कोणतं नाही, हे मी दोन गोष्टींवर ठरवते. एक, नेट गेलं तरी चालतं का. दोन, अंगठ्यांनी आणि बोटांनी, माउस-कीबोर्ड न जोडता चालतं का. या दोन चाळण्यांतून बरीच नावाजलेली नावं गळतात.

पहिलं नाव ओक्युलर. पीडीएफ वाचायचं आणि त्यावर खुणा करायचं सॉफ्टवेअर. पिवळा पट्टा ओढायचा, समासात टीप टाकायची, जतन करायचं. टिपा त्याच पीडीएफमध्ये राहतात, त्यामुळे प्रकाशकाला फाइल जशी आहे तशी धाडता येते. कागदावर मी काकपदाची खूण करून वर शब्द लिहायचे, तेच इथे टिपेत लिहिते. पण ओक्युलर लॅपटॉपवरही आहे, मग इथे वेगळं काय? बटणं. डेकच्या पाठीमागे, मधल्या बोटांखाली, चार बटणं आहेत. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचं खेळ चालवायचं सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपसाठी त्यांना कीबोर्डची कुठलीही कळ नेमून देता येते, फक्त स्टीम मागे चालू असावं लागतं. माझी नेमणूक अशी: उजवीकडचं खालचं म्हणजे पुढचं पान, डावीकडचं खालचं म्हणजे मागचं पान, उजवीकडचं वरचं म्हणजे जतन, डावीकडचं वरचं म्हणजे ‘केलेलं परत घे’. गाडीनं हिसका दिला तरी हात मुठींवरून सुटत नाहीत. टॅबवर पान उलटताना एक हात सोडावा लागायचा आणि नेमकी नको तिथे खूण उमटायची. ठिपके इतके दाट आहेत, की अनुस्वार आहे का छपाईतला डाग, हे पान जरा मोठं केलं की लगेच कळतं. मला विचाराल तर या चार बटणांमुळेच हे यंत्र माझं झालं.

आता खरी गंमत टेसरॅक्टची. प्रतिमेतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारं हे सॉफ्टवेअर मुळात एचपीच्या प्रयोगशाळेत जन्मलं, २००५ मध्ये सर्वांना खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारी पद्धत, आलं. मराठीसाठी त्याची स्वतंत्र फाइल आहे. आमच्या धंद्यात त्याची गरज अशी, की काही पीडीएफ अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या येतात (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक). डोळ्यांना सुरेख मराठी दिसतं, पण ओळ कॉपी केली की रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. त्यात एखादं विशेषनाम पुस्तकभर एकसारखं लिहिलंय का, हे शोधताच येत नाही. मग पानांच्या प्रतिमा करायच्या, टेसरॅक्टला द्यायच्या, आणि जो मजकूर मिळेल त्यात शोध घ्यायचा. हा मजकूर छापायला नेण्याइतका शुद्ध नसतो, पण शोधायला पुरतो.

गेल्या पावसाळ्यात सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक माझ्याकडे होतं. लेखकाची मूळ युनिकोड फाइलही मिळाली होती. त्यात मी ‘दऱ्या’ शोधलं, तर सात ठिकाणी सापडलं. डोळ्यांनी मात्र मी पहिल्या दोन प्रकरणांतच त्याहून जास्त पाहिले होते! मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंत मी त्या एका शब्दाकडे बघत बसले होते. सापडलेल्या आणि न सापडलेल्या, दोन्ही ठिकाणी तोच शब्द, तीच मोडणी, तोच आडवा रफार. फरक होता तो पडद्यामागे. आपला हा ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधणाऱ्याला ते दोन वेगळे शब्द. लेखकानं निम्मं पुस्तक घरच्या संगणकावर आणि निम्मं फोनवर लिहिलं होतं, तिथे ही गफलत झालेली. आणि पानांच्या प्रतिमांवरून मजकूर काढताना टेसरॅक्टनं तर काही जागी ‘दऱ्या’चं सरळ ‘दर्या’ करून ठेवलं होतं, म्हणजे डोंगर उतरता उतरता वाचक समुद्रात!

यावर उपाय केट. हा केडीईचा साधा मजकूर-संपादक. त्याच्या शोधपट्टीत न दिसणारी चिन्हं त्यांच्या युनिकोड क्रमांकानं शोधता येतात. त्या जोडचिन्हाचा क्रमांक २००डी. त्याच्या आधी ‘र’ आणि हलन्त असेल, तर तिघांच्या जागी नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, एवढा नियम दिला. वाऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाडी, सगळ्या एका फटक्यात एका वळणावर आल्या. हे काम टॅबवरच्या कुठल्याही ॲपमध्ये मला इतक्या सरळपणे करता आलेलं नाही. लॅपटॉप का नाही, याचं उत्तर सोपं आहे: चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलेलं असताना लॅपटॉप उघडणार कुठे?

एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी माहीत असायला हवी. स्टीमओएसचा मूळ भाग कुलूपबंद असतो, त्यात लिहिता येत नाही. कुलूप काढता येतं. मी काढलं, पॅकमन या आर्चच्या सॉफ्टवेअर बसवायच्या आज्ञेनं टेसरॅक्ट आत बसवलं, तीन आठवडे मजेत वापरलं. मग नवं अपडेट आलं आणि टेसरॅक्ट गायब. अपडेट येतं तेव्हा तो मूळ भाग पूर्णच्या पूर्ण बदलला जातो, आपण घुसवलेलं त्यात उरत नाही. आपला होम फोल्डर, म्हणजे आपल्या फाइली असतात तो, आणि डिस्कव्हरमधून घेतलेल्या गोष्टी तेवढ्या शाबूत राहतात. मला ते आधी ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. भाच्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, “मावशी, डिस्ट्रोबॉक्स वापर, ते आतच आहे.” डिस्ट्रोबॉक्स म्हणजे लिनक्सच्या पोटात दुसरं लिनक्स. मी त्यात डेबियन हे लिनक्सचंच दुसरं रूप बसवलं, डेबियनच्या भांडारातून टेसरॅक्ट आणि त्याची मराठी फाइल घेतली. हे सगळं होम फोल्डरमध्ये राहतं, म्हणून त्यानंतर किती अपडेटं आली तरी काही हरवलेलं नाही. फॉन्टांचंही तसंच: होममध्ये ठेवले की टिकतात. मी मुंबईच्याच एक टाइपचा ‘मुक्ता’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ ठेवलेत. दोन्ही मुक्त परवान्याचे. संस्कृत अवतरणं असली, की शोभिकाला तोड नाही.

कोशांसाठी गोल्डनडिक्ट. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, हक्कमुक्त. तो जाडजूड ग्रंथ आता ६६९ ग्रॅममध्येच मावतो. विकिपीडियासाठी किविक्स. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तो अख्खाच्या अख्खा एका फाइलीत उतरवून मेमरी कार्डावर ठेवता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. एखाद्या तालुक्याचं नाव, एखाद्याचं जन्मसाल पडताळायला पटकन हाताशी. शेवटचा शब्द म्हणून नव्हे, पहिली शंका यावी म्हणून. खात्री करायला मी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. १८९८ ची संस्था आहे, तिथे जे मिळतं ते कुठल्या फाइलीत नाही. परवानगी घेऊन एखाद्या पानाचा फोटो फोननं काढला, तर केडीई कनेक्टनं तो फोनवरून सरळ डेकवर येतो. फोनचा हॉटस्पॉट पुरतो, केबल नको.

लिबरऑफिसबद्दल बरेच जण विचारतात. आहे, चांगलं आहे, पण सात इंचांवर त्यात लिहू नका. मेन्यू मुंगीएवढे दिसतात, डोळे फुटतात. घरी मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या यूएसबी-सी हबला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडते, मग तोच डेक माझा घरचा संगणक. मराठी टंकनाला वेगळं काही बसवावं लागत नाही, प्लाझ्माच्या कीबोर्ड-सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांत इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी आहे आणि उच्चारावरून टंकायची मराठी कगप फोनेटिकही. व्हिडिओ-संपादनाचंही विचारतात, त्यावर मी बोलणार नाही, ते मी केलेलं नाही.

शेवटी अँकी, ज्यासाठी हे यंत्र रात्री माझ्या हातातून जातं. माझी पुतणी मोडी शिकतेय. अँकी म्हणजे पत्ते: समोर अक्षर, मागे उत्तर. उत्तर पाहिल्यावर आपणच सांगायचं, विसरलं, जड गेलं, जमलं, का सोपं होतं. त्यावरून तो पत्ता पुन्हा कधी दाखवायचा ते ठरतं. बरोबर चार पर्याय, आणि डेकच्या उजव्या अंगठ्याखाली ए, बी, एक्स, वाय ही बरोबर चार बटणं! तिनंच ती नेमून घेतली. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली आणि नोटो या मोफत फॉन्टमालिकेत मोडीचा फॉन्टही आहे, त्यामुळे पत्ते टंकून करता येतात. पण छापील मोडी आणि हातची धावती मोडी यांत फार अंतर, म्हणून ती जुन्या पत्रांतली अक्षरं कापून त्यांच्या प्रतिमाही पत्त्यांवर चिकटवते.

मागच्या महिन्यात तिचे नवे पत्ते नीट दिसतात का, ते मी गाडीत पाहत होते. कल्याणहून येणाऱ्या, रोजच्याच एका बाई शेजारी होत्या. आजवर त्यांनीही दोनदा ‘कुठला गेम’ विचारलेलं. त्या दिवशी पडद्याकडे बघून म्हणाल्या, “अगंबाई, असले कागद आमच्याकडे आहेत. आजोबांच्या जमिनीचे. कुणाला वाचता येत नाहीत म्हणून ट्रंकेत पडलेत.” दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनमधून एका कागदाचा फोटो धाडला. पुतणीनं तो डेकवर मोठा करून पाहिला. माथ्याचं ‘श्री’ तिला लगेच लागलं, दुसऱ्या ओळीत गावाचं नाव लागलं. तिसरीत एक ‘दऱ्या’सारखा शब्द आहे, तो ‘दर्या’ असण्याचं काही कारण नाही, जमीन जुन्नरकडची आहे. त्या ओळीची अक्षरं कापून तिनं त्यांचे नऊ पत्ते केलेत. पुढचं वाचन चालू आहे.