तुम्ही विचारलंत म्हणून : थोरलीचं धाकटीला होतं का?

दोन मुली आहेत म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत आधी एक हिशेब सुरू होतो आणि मग प्रश्न येतो, "म्हणजे थोरलीचं सगळं धाकटीला होत असेल, नाही?" लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकापाशी, केस कापताना. मी "हो, होतं की" म्हणून मोकळा होतो, कारण खरं उत्तर द्यायला लिफ्ट पुरत नाही.

खरं उत्तर असं, की होत नाही. निदान ज्या दिवशी हवं त्या दिवशी होत नाही.

दोघींत अडीच वर्षांचं अंतर आहे. त्या अडीचातलं अर्धं सगळा घोटाळा करतं. नुसती दोन किंवा तीन असती तर विषयच नव्हता. थोरली थंडीतली, धाकटी ऐन उन्हाळ्यातली. थोरलीला चार पूर्ण झाली तेव्हा घेतलेला स्वेटर धाकटीच्या अंगात चपखल बसेल तो दिवस म्हणजे धाकटीचा चौथा वाढदिवस, आणि त्या दिवशी घरात पंखा पाचवर असतो. त्याआधीच्या थंडीत ती साडेतीनची, बाह्या बोटांच्या खाली लोंबतायत. त्यानंतरच्या थंडीत साडेचारची, मनगटं उघडी. लोकर तीच, पोरगी तीच, ऋतू चुकलेला.

अर्ध्या वर्षाने असा काय फरक पडतो, असं वाटेल. मलाही वाटायचं. मूल जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटीमीटरचं असतं, पहिल्या वर्षात आणखी २५ घेतं, दुसऱ्या वर्षात बारा-एक. मग जरा दम खातं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरच्या चालीने जात राहतं. बऱ्याच ठिकाणी मुलांच्या कपड्यांवर १०४, ११०, ११६ असे आकडे असतात. ते सेंटीमीटरमधल्या उंचीचेच असतात, आणि दोन आकड्यांत सहाचं अंतर असतं. एक आकडा म्हणजे जवळजवळ एक वर्ष. आमच्या दोघी कायम अर्ध्या आकड्यावर अडकलेल्या.

त्यात आपण कपडे घेतो वाढत्या अंगाचे. म्हणजे पहिल्या वर्षी थोरली त्यात बुडालेली, दुसऱ्या वर्षी तो नीट बसतो आणि त्याच वर्षी कोपरं झिजतात, चेन बिघडते, खिसा उसवतो. धाकटीच्या वाट्याला जे येतं ते आधीच एक आयुष्य जगून आलेलं असतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. डावीकडे थोरलीच्या, उजवीकडे धाकटीच्या. थोरलीच्या रेघांना तारखा आहेत, पहिल्या दोन वर्षांच्या तर महिन्यावारी. धाकटीच्या चार रेघा आहेत आणि त्यातल्या एकीला तारीखच नाही, नुसतं ‘ताप उतरल्यावर’ असं लिहिलंय. दुसऱ्या मुलाची नोंद अशीच होते; कुणी कितीही नाही म्हटलं तरी.

या रेघांच्या नादात मी एकदा एका फ्रेंच बापाबद्दल वाचलं. फिलिबेर गेनो द मोंबेयार. त्याने आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ त्याचा मित्र, त्याने ते आकडे छापले. वाढीच्या अभ्यासात आजही ती नोंद पहिली म्हणून दाखवतात. त्या आकड्यांत ब्युफाँला दिसलं, की पोरगा उन्हाळ्यात जास्त उंच होतो आणि हिवाळ्यात कमी. पुढे थंड हवेच्या देशांत अनेक मुलांची मापं घेतली गेली, तेव्हाही साधारण हाच कल दिसला. मी हे वाचून बायकोला उत्साहाने सांगायला गेलो. ती माळ्यावरून खाली उतरवलेल्या बोचक्यासमोर बसली होती. म्हणाली, "म्हणजे स्वेटरच्या दिवसांत वाढत नाहीत आणि स्वेटर माळ्यावर असताना वाढतात. हे कळायला अठरा वर्षं लागली त्याला?"

बोचक्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण "ठेवून द्या, धाकटीला होईल" म्हणणाऱ्यांनी अडीच वर्षांनी ते उघडून पाहिलेलं नसतं. ठेवताना कपडे स्वच्छ असतात. काढताना छातीवर पिवळे डाग असतात. बाळपणीच्या दुधाचे, जे धुतल्यावर गेल्यासारखे वाटले होते. ते गेलेले नसतात, नुसते दिसत नसतात, आणि हवा लागून महिन्यामहिन्यांनी पिवळे पडत जातात. इलॅस्टिक गेलेलं असतं. न वापरताच. चड्डीचा नेफा ताणला की आत करकर असा आवाज येतो आणि तो ताणलेलाच राहतो. लोकरीला कसर लागलेली असते. इथे मला एक गोष्ट उशिरा कळली: कपाटात भिरभिरणारा तो फिकट पतंग लोकर खात नाही. खाते त्याची अळी. पतंग मारून आपण समाधान मानतो तेव्हा अंडी घालून झालेली असतात. डांबराच्या गोळ्या टाका, असं हमखास कुणीतरी सुचवतं. लहान मुलांच्या कपड्यांत त्या टाकू नका. काही मुलांच्या रक्तात एक विकर जन्मतःच कमी असतं, अशांच्या लाल पेशी त्या वाफेने फुटू शकतात. धुऊन, कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं बरं.

बुटांचं तर विचारूच नका. थोरलीचा पाय आतल्या बाजूला जोर देणारा, तळवा तसाच दबलेला. धाकटीने ते घातले की ती ताईसारखी चालायला लागते, आणि ते पाहायला गोड असलं तरी तिच्या पायांना ते बरं नाही. बूट आम्ही नवेच घेतो.

पावसाळ्यात रेनकोटावरून जे झालं ते मात्र कपड्यांच्या पुढचं होतं.

रेनकोट पिवळा होता. थोरलीचा, पाठीवर दप्तरासाठी फुगा असलेला. माळ्यावरून काढला तेव्हा आतलं अस्तर चिकट झालं होतं आणि धाकटीच्या शाळेच्या गणवेशावर त्याचे पांढरे पापुद्रे उतरले. त्याच संध्याकाळी जोराचा पाऊस आला. वीज कडाडली आणि धाकटी टेबलाखाली.

आता यावर आमच्याकडे हमखास उपाय होता. थोरली त्या वयात विजेला अशीच घाबरायची. तिला मी मोजायला शिकवलं होतं. उजेड दिसला की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं, जे येईल त्याला तीनने भागायचं. तेवढे किलोमीटर वीज लांब. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, एवढंच त्यामागचं गणित. तेव्हा तिला भागाकार येत नव्हता, मी तीन-तीन बोटं मिटायचो. थोरलीची भीती दोन पावसांत गेली. मोजता आलं की तिला कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नाही. ती आजही दवाखान्यात सुई टोचताना मोजते.

म्हणून मी टेबलाखाली वाकून धाकटीला म्हटलं, "मोजूया." थोरलीही आली, मोठ्या तोऱ्यात, शिकवायला. उजेड. एक, दोन, तीन... बारा. "चार किलोमीटर," थोरली म्हणाली. पुढची वीज. नऊ. "तीन." पुढची. सहा. "दोन." आणि धाकटी किंचाळली, "ती इकडे येतेय!"

खरंच येत होती. गणित बरोबर होतं. थोरलीच्या वेळी बहुधा वीज लांब जात असावी, किंवा तिला आकडा पुरेसा असायचा, त्याचा अर्थ नको असायचा. धाकटीला पहिल्या झटक्यात अर्थ कळला. मी सहा वर्षांचा अनुभव घेऊन त्या टेबलाखाली बसलो होतो आणि त्यातला एक इंचही तिला होत नव्हता. वर माझ्या तोंडून ते वाक्य गेलंच: "ताई तुझ्याएवढी होती तेव्हा..." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं.

मग तिची तीच शांत झाली. कशी, तर पुढच्या गडगडाटाला ती उलट ओरडली. पोटातून, दोन्ही मुठी आवळून. आभाळ थांबल्यावर ती थांबली. परत गडगडलं, परत ओरडली. थोरली आधी हिरमुसली, कारण आकडे राहून गेले, आणि मग तीही ओरडायला लागली. तेव्हापासून आमच्या घरी वीज झाली की एक मोजते, एक ओरडते. खालच्या मजल्यावरच्यांची मी एकदा माफी मागून आलोय.

या घरात थोरलीचं धाकटीला अगदी बिनचूक होतं अशी गोष्ट एकच: सर्दी. शाळेत जायला लागलेल्या लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं यात आजारपण काही नाही, डॉक्टरही खांदे उडवतात. पण ते एका मुलाचं. दोन मुलांचं गणित बेरजेचं नसतं, रांगेचं असतं. सोमवारी थोरलीचं नाक वाहतं, गुरुवारी धाकटीचं, रविवारी माझं. थंडीचे दोन महिने कुणीतरी शिंकत असतंच, बहुतेक एकमेकांच्या तोंडावर. माप घ्यावं लागत नाही, दुमडून शिवावं लागत नाही.

हे सगळं मोठ्यांच्या बाजूचं झालं. धाकटीच्या डोक्यात या व्यवहाराचा वेगळाच कायदा आहे, आणि तो मला गेल्या थंडीत कळला. स्वेटर घालून आरशासमोर उभी होती. मनगटं अर्थातच उघडी. मला म्हणाली, "बाबा, मी सात वर्षांची झाले की ताई पाच वर्षांची होणार ना?"

मी म्हटलं, "नाही गं. तू सातची झालीस की ताई साडेनऊची."

"मग माझे कपडे कोण घालणार?"

तिच्या लेखी कपडे फिरतात, खेळणी फिरतात, खिडकीजवळची जागा आलटूनपालटून असते, तेव्हा मोठं असणंही पाळीपाळीनेच असणार. इतकी वर्षं ती शांतपणे आपला नंबर यायची वाट पाहत होती. थोरलीने तिला समजावलं, अगदी बोटं मोजून. धाकटीचं पटलेलं दिसलं नाही. "आत्ता तुझी पाळी आहे म्हणून तू असं म्हणतेस," ती म्हणाली. याला थोरलीकडे उत्तर नव्हतं.

थोरलीचंही सोपं नाही. तिचे जुने कपडे तिला होत नाहीत, पण दुसरीच्या अंगावर ते पाहिले की तिला ते आठवतात. "माझा आहे तो," म्हणते. रागाने नाही, नोंद करावी तसं. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. गळ्यामागच्या पट्टीवर थोरलीचं नाव असतं, ते खोडायचं नाही. खाली धाकटीचं लिहायचं.

परवा नवा रेनकोट आणला. निळा. तो आधी थोरलीचाच, वाढत्या अंगाचा. थोरलीने पट्टीवर आपलं नाव घातलं. धाकटीने लगेच खाली तिचं, दोन पावसांनंतरच्या हक्काने. आणि मग पेन खाली न ठेवता, जीभ बाहेर काढून, आणखी खाली दोन अक्षरं काढली: बाबा.

"मला कसा होईल गं हा?"

"आत्ता नाही. तू लहान झालास की."

हसण्यावारी नेलं असतं, पण ती मला हाताला धरून चौकटीकडे घेऊन गेली. तिथे माझी एक रेघ होती, त्याच सकाळी थोरलीने स्टुलावर चढून मारलेली. माणूस दिवसभर उभा-बसता राहिला की पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि रात्री तो सकाळपेक्षा सेंटीमीटरभर बुटका भरतो, झोपला की परत पूर्ववत होतो, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती स्टुलावर चढली, माझ्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलीने रेघ मारली आणि मला बाजूला सारून दोन्ही रेघा पाहिल्या. नवी रेघ खाली होती.

"बघ," ती ताईला म्हणाली, "सुरू झालं."