'सीं', 'पोइश' आणि आपले 'मग'

परकी भाषा शिकणाऱ्याच्या पदरात होकार पहिल्याच धड्यात पडतो. पोर्तुगीजमधला "सीं" मलाही तसाच मिळाला, आणि लॅटिनमधील 'असे' या अर्थाच्या 'सिक्'पासून तो आला आहे हे कळल्यावर तर तो फारच भरवशाचा वाटू लागला. लिस्बनला गेल्यावर मात्र तो लोकांच्या तोंडून अपेक्षेइतका ऐकू येईना. कॅफेतले गृहस्थ बशीत 'पाश्तेल द नाता', म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी गोड पेस्ट्री, ठेवून "केर कनेला?", म्हणजे "दालचिनी हवी का?", असे विचारीत, मी "सीं" म्हणे, आणि शेजारच्या आजीबाई "केरु", म्हणजे "हवी", एवढेच म्हणून मोकळ्या होत. प्रश्नातले क्रियापदच उत्तरात परत करायचे, ही तिथली रीत. "जेवलास का?" "जेवलो." हे घरात जन्मभर बोलत आलेला मी तिथे मात्र फॉर्म भरल्यासारखा "सीं, सीं" करीत होतो, याची जरा लाजच वाटली.

पुढे 28 क्रमांकाच्या पिवळ्या ट्राममध्ये एक बाई अख्खा चढ संपेपर्यंत फोनवर जवळजवळ एकच शब्द बोलताना ऐकल्या. "पोइश... पोइश... पोइज ए... पोइश, पोइश!" पहिल्यात 'ऐकते आहे', मधल्यात 'खरे आहे गं बाई' आणि शेवटच्या जोडीत 'पुरे झाले तुझे', हे नुसत्या सुरावरून कळत होते. हा 'पोइश' लॅटिनमधील 'पोस्ट'चा, म्हणजे 'नंतर'चा वंशज. 'नंतर'चा होकार कसा होतो, हे कोडे मला पडले नाही, कारण "लग्नाला येणार ना?" असे विचारले की आमची मावशीही ठसक्यात "मग!" असेच म्हणते.

ब्राझीलमध्ये तर दुकानदार "पोइस नाउं", शब्दशः 'मग नाही', असे म्हणतो तेव्हा "बोला, काय देऊ?" असा त्याचा अर्थ असतो, उलट "पोइस सीं" हे पुष्कळदा "हो, वाट बघ!" या चालीवर म्हटले जाते. लिस्बनमध्ये मात्र "आज ऊन नाही" या वाक्याला "पोइश नाउं" म्हटले, की तो सरळ दुजोराच असतो.

पाव, बटाटा, चावी, पगार, एवढे सामान आपण पोर्तुगीजांकडून उतरवून घेतले, होकार मात्र गलबतातच राहू दिला. घरात "हं" आणि "मग!" असताना तो कोण घेणार म्हणा.