डावपेचांचे पहिले धडे
नागपूरच्या रणरणत्या उन्हात बाहेर पडणे शक्यच नव्हते, म्हणून आजची दुपार 'फुटबॉल मॅनेजर २०२४' या फुटबॉल संघ सांभाळण्याच्या व्हिडिओ गेममधील डावपेच समजून घेण्यात घालवली. ४-२-३-१ ही मांडणी (चार बचावपटू, त्यांच्यापुढे मधल्या फळीत दोन आणि तीन मिडफिल्डर, सर्वांत पुढे एक आक्रमक) निवडणे सोपे आहे. खरी मेख आहे ती प्रत्येक खेळाडूची भूमिका आणि बचाव, साहाय्य किंवा आक्रमण यांपैकी त्याला दिलेली जबाबदारी ठरवण्यात. उजव्या फुलबॅकला, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूला, आक्रमणाची जबाबदारी देताच तो त्याच कडेने पुढे खेळणाऱ्या विंगरला मागे टाकून थेट कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत धावू लागला, आणि त्याच्यामागे मोकळ्या पडलेल्या जागेतून होणारे प्रतिहल्ले एका मिडफिल्डरला मागेच थांबवल्यावर आटोक्यात आले. गेगनप्रेसचा (चेंडू गमावताच तो परत मिळवण्यासाठी प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडण्याचा) आयता पर्याय मोहात पाडतो खरा, परंतु सामन्याच्या उत्तरार्धात दमलेले खेळाडू पाहता तो दुबळ्या संघाला परवडणारा नाही (आमच्या मे महिन्यात तर कोणालाच नाही!). नवी मांडणी संघाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, त्यामुळे तूर्तास हीच कायम ठेवणार आहे.