बदामाचा पत्ता अन् मामाजी

काल रात्री त्रिमूर्तीनगरात मामाजीकडे पोकर खेळलो, पैशावर नाही बरं का, फुटाण्यांवर. हातात दोन बदाम, टेबलावरच्या सगळ्यांच्या चार पत्त्यांत दोन बदाम, अजून एक पत्ता यायचा अन् पाच बदाम झाले की डाव भारी, म्हणजे न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ माझ्या कामाचे, साधारण २० टक्के. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६० फुटाणे होते, मामाजीनं वरून ३० टाकले, आता ९० साठी ३० लावायचे, म्हणजे माझे धरून १२० पैकी ३०, तर निदान २५ टक्के चान्स पाहिजे ना, मी लगेच फोल्ड, पत्ते टाकून मोकळा! मामाजीनं पत्ते उलटून दाखवले तर साधी जोडीबी नव्हती बाप्पा.

म्हटलं तुम्हाले कसं समजलं मी सोडतो म्हणून? तर म्हणे, "हिशोब करताना तुझे ओठ हालतात बे." ३० वर्षं एसटीत कंडक्टर होता हा माणूस, बिनातिकीट चेहरा याले मागच्या सीटवरूनबी दिसते.

माझी टक्केवारी बरोबरच होती हो, पण मी नुसते बदाम मोजत बसलो, समोरचा फेकून राहिला असेल हे धरलंच नाही. अन् मामाजीच्या डोक्यात मी सोडणार हाच एक हिशोब पक्का होता, कागद न घेता.

सकाळी तर्री पोह्याचं बिल मलाच द्यायला लावलं त्यानं. ओठ न हालवता.