पाहुण्यांच्या यादीत नाव होतं

ओल्ड गोव्याला बासिलिकासमोर गाडी लावायला जागा मिळाली नाही, म्हणून आमच्या चालकदादांनी टेम्पो ट्रॅव्हलर जरा पुढे उभी केली होती. मी गाइड होते त्या गटातली अमेरिकन बाई फोटो काढता काढता मागे राहिली. ती गाडीपाशी पोचली तेव्हा दादा फोनवर सांगत होते, "थोडा उशीर होईल, निग्रो बाई मागे राहिलीय." सगळ्या मराठी वाक्यात तिला कळला तो तेवढा एकच शब्द. पायरीवर ठेवलेला पाय तिने खाली घेतला.

दादा पेडण्याचे, स्वभावाने सरळ. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत हा शब्द सर्रास छापलेला असायचा. तो कुणाला झोंबेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिच्या देशात मात्र २०१६ साली जुन्या केंद्रीय कायद्यांच्या मजकुरातून तो मुद्दाम काढला गेला.

वाद नको म्हणून गटातलेच दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनचे एक गृहस्थ मध्ये पडले. "मी कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाचा. आमच्या जनगणनेतही हाच शब्द आहे." तिला हे आणखीच लागलं. अमेरिकेत हाच शब्द काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या नळांवर आणि दारांवर रंगवलेला असायचा. गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, की १९५० च्या वर्णभेदी कायद्याने त्यांच्या घरच्यांची नोंद या नावाने झाली, १९९१ ला तो कायदा गेला, पण नाव राहिलं. त्यांना ते आपलं वाटतं, त्यांच्या मुलीला नाही.

दादांनी मला बाजूला घेतलं. "ताई, मग म्हणायचं तरी काय?"

"यादीत नाव आहे की. नावानेच सांगा."

दादा स्वतःहून गेले, तिचं नाव घेऊन सॉरी म्हणाले. मग ती गाडीत चढली.

पणजीत जेवायला बसलो तर मेनूवर चिकन काफ्रियाल. हिरव्या मसाल्यातलं हे कोंबडं पोर्तुगीज काळात मोझांबिककडून आलं असं मानतात, आणि नावात तोच अरबी 'काफिर' आहे, ज्यावरून आपल्याकडे आफ्रिकी माणसाला 'खापरी' म्हणतात. श्रीलंकेत पुत्तलमकडचे मूळचे आफ्रिकी लोक स्वतःला काफिर म्हणवतात. दक्षिण आफ्रिकेत काळ्या पोलिसांना उद्देशून हा शब्द वारंवार वापरल्याबद्दल २०१८ साली एका बाईला तुरुंगवास झाला. गृहस्थांनी मेनू खाली ठेवला आणि हे नाव आलं कुठून, ते मला सरळ विचारलं. मी काहीही लपवलं नाही; गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांबद्दल आणि कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दींबद्दलही सांगितलं. गाइडने किल्ले आणि चर्चेस दाखवायची आणि हे गाळायचं, हे मला पटत नाही.

त्यांनी काफ्रियाल मागवलं, तिने नाही. निघताना गृहस्थ मालकांना म्हणाले, पदार्थाचं नाव राहू द्या, पण ते कुठून आलं ते खाली दोन ओळींत छापा. मालक "बघू" म्हणाले. त्या दोन ओळी मी लिहून दिल्यात. छापल्या जाईपर्यंत पिच्छा सोडणार नाही.