आईची भांडी, पैठणी आणि मुलं

आमच्या ठाण्यात, नौपाड्यात एकामागोमाग एक इमारती पुनर्विकासाला जाताहेत. घरातले पोटमाळे रिकामे करायची वेळ आली की हमखास कुणीतरी विचारतं, "काकू, आईची एवढी भांडी, पैठणी, फोटो मुलांना द्यायचेत, पण त्यांना त्याचं मोल कसं कळणार?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

मोल आपोआप कळत नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, त्यामुळे कुणी दिलं, कधी दिलं एवढं तरी पितळेवर सापडतं. का दिलं, ते कोरलेलं नसतं. सासूबाईंच्या पातेल्यावर त्यांच्या मावशीचं नाव आहे. मावशी विधवा होत्या, चार घरी पोळ्या लाटून त्यांनी ते घेतलं. सासूबाई बोलता बोलता हे सांगून गेल्या, नाहीतर ते कधीच जांभळी नाक्याला मोडीत गेलं असतं.

लेकीला मी पातेलं नुसतं सोपवलं नाही. कल्हई करून आणली आणि तिच्यासोबत त्यात आमटी केली. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कसं कळकतं, कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो, कथील कसं फिरवतो, हे सांगता सांगता मावशींची हकीकत ओघानं आली. माळ्यावर पडलेल्या वस्तूची गोष्ट मुलं तोंडदेखली ऐकतात, असं माझं मत आहे.

पैठणी मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते. सोबत चिठ्ठी ठेवा: कुणाची, कोणत्या लग्नातली, नंतर कोण कोण नेसलं. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लिहिणं जमत नसेल तर वस्तू हातात घेऊन बोला, नातवंडं फोनवर रेकॉर्ड करतील.

दागिन्यांचं मात्र मृत्युपत्रात लिहाच. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. सख्ख्या भावंडांनी एका पाटलीवरून बोलणं टाकलेलं मी पाहिलंय.

आणि देण्याआधी विचारा, तुला हवंय का? भाच्यानं आमचा तांब्याचा बंब नको म्हटलं. त्याच्या घरात जागा कुठे आहे? मला वाईट वाटलं, पण तो स्पष्ट बोलला हे बरं झालं. पहाटे बंब कोण पेटवायचं, अंघोळीला कुणाचा नंबर पहिला, ते त्यानं आवडीनं ऐकून घेतलं. बंब कर्जतला एका ओळखीच्यांनी नेला. त्यांनाही मी सगळं सांगितलं.