कोळ्याची फॅमिली बदलली आणि माझा फॉर्म अडकला

एमएस्सी झूलॉजीच्या डिझर्टेशनला कुणी कोळी घेणार असाल तर टायटल रजिस्टर करायच्या आधी हे वाचा. माझं फील्डवर्क झालं, मोजमापं झाली, फोटो झाले, सगळं वेळेत, आणि गाडी अडकली ती टायटलमधल्या फॅमिलीच्या, म्हणजे जवळच्या प्राण्यांच्या शास्त्रीय गटाच्या, नावावर. आठवलं की अजून डोकं फिरतं.

माझा प्राणी नेफिला पिलिपेस. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पाऊस सरता सरता जांबोटी-कणकुंबी रोडला काजूच्या बागेत शिरलात तर दोन झाडांच्या मधे सोनेरी पिवळं जाळं दिसेल, मीटरभर रुंद, कधी त्याहून मोठं, आणि वरच्या बाजूला डोकं खाली करून बसलेली मादी. तीच ती. काळपट अंग, पाठीवर पिवळे पट्टे, पायांच्या सांध्यांना पिवळा रंग. नुसतं शरीर तीन ते पाच सेंटीमीटर, पाय धरले तर हाताच्या पंज्याएवढी. आमच्याकडे सगळे तिला नुसतं कोळीच म्हणतात आणि जाळं दिसलं की काठीनं पाडतात, याचं मला फार वाईट वाटतं. एका बागेत आजोबा ओरडले, "काय करूलालीस ग तिथं, चावतंय ते!" मी त्यांना हाताला धरून जाळ्याजवळ नेलं आणि त्याच जाळ्यावर बसलेला नर दाखवला, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. हा तिचा नवरा म्हटल्यावर त्यांना पटेना. पण नंतर त्यांनीच बागेतली बाकीची जाळी दाखवली आणि तोडायची नाहीत म्हणून गड्यांना सांगितलं.

आता ऑफिस. कुठलं ते लिहीत नाही.

सिनॉप्सिस दिला तेव्हा टायटलमधे "नेफिलिडी फॅमिली" होतं, ते मंजूर झालं, शिक्का बसला. त्याला आधार २०१९ चा पेपर होता, कुंटनर या कोळी-अभ्यासकाचा आणि मंडळींचा, त्यात नेफिलिडी ही स्वतंत्र फॅमिली धरलीय. पुढं रिपोर्ट तपासणाऱ्या बाहेरच्या सरांनी लिहिलं की वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमधे नेफिला अरॅनिडीत आहे, त्याप्रमाणे करा. त्यांचंही बरोबर, जगभर कोळ्यांच्या नावांसाठी हाच कॅटलॉग बघतात, २०१४ पासून तो स्वित्झर्लंडच्या बर्नमधलं नॅचरल हिस्टरी म्युझियम चालवतं. मग मी टायटल बदलायचा अर्ज घेऊन ऑफिसात गेले.

क्लार्कनी अर्ज वाचला आणि विचारलं, प्राणी बदलला काय? नाही म्हटलं, प्राणी तोच. मग फॅमिली कशी बदलली? प्राणी बदलला असेल तर नवा सिनॉप्सिस द्या, बदलला नसेल तर मंजूर टायटल मंजूरच आहे, आणि दोन्ही एकच आहेत असं असेल तर तसं सर्टिफिकेट आणा. आता कोळ्याची फॅमिली बदलल्याचं सर्टिफिकेट जगात कोण देतं सांगा! साहेब नाहीत, नाळे बन्नी (उद्या या). साहेब आहेत पण मीटिंगमधे, नाळे बन्नी. कमिटी बसली की ठेवतो, पण कमिटी कधी बसणार ते कुणालाच माहीत नाही. एकदा अर्ज इंग्लिशमधे का, कन्नडमधे द्या म्हणून परत पाठवला, तो माझ्या रूममेटनी लिहून दिला, तिची कन्नड अशी की त्यात चूक काढायला जागाच नव्हती, तर मग म्हणाले गाईडची सही निळ्या शाईत पाहिजे. इकडं सबमिशनची तारीख जवळ येतेय, बाइंडिंगवाला रोज फोन करतोय, आणि खानापूरची बस धरून मी त्या बाकावर येऊन बसतेय. रडायला यायचं, खरंच.

शेवटी मी फाइलला एक पान जोडलं आणि त्यात सगळा इतिहास सोप्या भाषेत लिहिला. १७९३ मधे फॅब्रिसियसनी या कोळ्याचं वर्णन केलं तेव्हा तो अरॅनिया या जीनसमधे, म्हणजे फॅमिलीच्या आतल्या छोट्या गटात, होता. १८१५ मधे लीचनी नेफिला जीनस केला. जुन्या पुस्तकांत हीच मादी नेफिला मॅक्युलाटा नावानं सापडते. फॅमिली आधी अरॅनिडी, मधली काही वर्षं टेट्रॅग्नॅथिडी, २००६ मधे कुंटनरनी नेफिलिडी वेगळी केली, २०१७ मधे दिमित्रोव्ह आणि मंडळींनी डीएनए बघून परत अरॅनिडीत आणली, २०१९ मधे पुन्हा वेगळी, आणि कॅटलॉगनी अरॅनिडी धरली. नीट वाचलं तर कळतं की हे कोळी एकमेकांचे जवळचे नातलग आहेत हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, वाद एवढाच की या गटाला फॅमिली म्हणायचं की अरॅनिडीच्या आतली सबफॅमिली. हे पान लिहिताना मला स्वतःला विषय इतका स्वच्छ कळला की रिपोर्टमधलं माझं सगळ्यात चांगलं पान तेच आहे.

पान घेऊन थेट वरच्या साहेबांकडं गेले. त्यांनी वाचलं, तरी तोच प्रश्न. तेव्हा मी म्हटलं, सर, निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतःच तालुका झाली, म्हणून निपाणीची माणसं बदलली काय? ते हसले, क्लार्कना आत बोलावलं आणि माझ्यासमोर सही केली. त्या सहीचा मला डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे.

तर टायटलमधे फॅमिली घालूच नका. स्पीशीजचं नाव, पुढं फॅब्रिसियस १७९३, आणि ठिकाण, बस. फॅमिली आत लिहा आणि कॅटलॉग कुठल्या तारखेला बघितला तेही लिहा. २०१९ मधेच काही जाती नेफिलातून ट्रायकोनेफिला जीनसमधे गेल्या, त्यामुळे जुना पेपर घेताना नाव आज काय आहे ते बघून घ्या. ऑफिसात दिलेल्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर पोच घ्या, ती असल्यामुळंच साहेबांसमोर मला तारखा दाखवता आल्या.

फील्डचं सांगायचं राहिलं. भीमगड अभयारण्याच्या आत काम करायचं असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, ती फार आधी मागा. मी बाहेरच्या खाजगी बागांतच काम केलं, मालकाला विचारून. कोळी मारायची गरज पडली नाही, पूर्ण वाढलेली मादी फोटोवरून ओळखता येते, फक्त पाठीचा आणि पोटाचा दोन्ही फोटो काढा आणि शेजारी स्केल धरा. जाळ्यावर चंदेरी ठिपक्यासारखे बारके कोळी दिसले तर ते पिल्लं किंवा नर समजून मोजू नका, ते अर्जिरोडेस, दुसऱ्याच्या जाळ्यातलं भक्ष्य चोरून खाणारे. मादी जाळं रोज पूर्ण नवं विणत नाही, एक भाग काढून तेवढाच विणते, म्हणून एकाच जाळ्याचे रोज फोटो घेतले तर कुठला भाग नवा ते छान कळतं. आणि अंडी जाळ्याजवळ शोधत बसू नका, ती खाली उतरून जमिनीत खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि माती-पाचोळ्यानं झाकते, तेव्हा बाग झाडायच्या आधी मालकाशी बोलून जाळ्याखालची जागा तेवढी सोडून घ्या.